उशी जिकडे, मूल तिकडे

व्हर्ना कोस्टेल्निकने खोक्याच्या तळाशी हात घालून तो जाड कागद ओढला, पण तो येईना. किती वर्षांच्या ओलीने पुठ्ठ्याला चिकटून बसला होता कोण जाणे. तिने नखाने कडा सोडवली, मग बोटं सरकवली आणि शेवटी दात-ओठ खाऊन हिसका दिला. कागद आला, पण पाठीला पुठ्ठ्याचा तपकिरी पापुद्रा घेऊनच आला.

"आलास एकदाचा," ती कागदाला म्हणाली. तीन आठवडे त्या तळघरात बसून ती आता कागदांशीच बोलायला लागली होती. तिथे खिडकी नव्हती. एक नळीदिवा होता, तो मर्जी असेल तेव्हा लागायचा.

जूनच्या तीस तारखेला आमचं टॅनर्स रनचं शाळामंडळ संपणार होतं. शेजारच्या वेस्ट डॉबिनमध्ये ते विलीन व्हायचं होतं. संपण्याआधी मंडळाचा इतिहास छापावा असं ठरलं. आमचं मंडळ म्हणजे तरी काय, तीन शाळा, एक फुटबॉलचं मैदान आणि स्वतःबद्दलचं भलतंच मोठं मत! पण इतिहास लिहायचा तर व्हर्नाबाईंनीच, यावर कुणाचं दुमत नव्हतं. एकोणचाळीस वर्षं तिने कचेरी सांभाळली होती. आलेल्या प्रत्येक कागदावर तांबडा शिक्का, शिक्क्यावर तारीख, तारखेखाली तिची आद्याक्षरं. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी लोक कचेरीला ‘व्हर्नाकडे’च म्हणत.

तिने कागद टेबलावर पसरला. क्वारी लेनच्या रस्त्याचा नकाशा होता, एकोणीसशे सत्तावन्न सालचा, रस्ता रुंद केला तेव्हाचा. कोपऱ्यात मुकादमाने शाईने लिहिलं होतं: ‘सीमेचा दगड कामापुरता पूर्वेला बेचाळीस फूट हलवला आहे. काम संपल्यावर मूळ जागी बसवावा.’

व्हर्नाने ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि खाली खुर्ची आहे की नाही हे न बघताच बसली. नशीब, खुर्ची होती.

तो दगड आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पांढरा रंग दिलेला, गुडघाभर उंच, बसची वाट बघणारी पोरं त्यावर बसतात. दगडाच्या पूर्वेला आम्ही, पश्चिमेला वेस्ट डॉबिन. त्यांच्या शाळा पडक्या, आमच्या नीटनेटक्या, म्हणून ती रेषा आम्हाला जिवापलीकडे प्यारी. क्वारी लेनवरची चार घरं मात्र नेमकी रेषेवर होती, स्वयंपाकघर एका मंडळात तर झोपायची खोली दुसऱ्यात. त्यांच्यासाठी मंडळाने एकसष्ट साली नियम केला. मुलाचा पलंग ज्या बाजूला, त्या बाजूची शाळा. आणि पलंगच रेषेवर आला तर उशी बघायची. ‘उशी जिकडे, मूल तिकडे,’ असं आमच्याकडे म्हणतच असत. दर सप्टेंबरला व्हर्ना फीत घेऊन त्या चार घरांत जायची, दगडापासून मापायची आणि वहीत लिहायची. कुणी कॉफी दिली तर घ्यायची नाही.

दगड परत गेला असता तर रेषा बेचाळीस फूट पलीकडे गेली असती. चारही घरं, परसदारातल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांसकट, आमच्यात आली असती.

आणि डेनीस टलही.

"काय व्हर्नाबाई, इतिहास कुठवर आला?" मंडळाचा प्रमुख हॅडली जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबला होता. चकचकीत बूट घातलेला माणूस, धुळीत कशाला उतरेल.

"हे बघा साहेब."

त्याने हात लांब करून कागद घेतला, वाचला. "बरं. मग?"

"मग काय मग! दगड परत गेलाच नाही. आपण सगळे चुकीच्या जागेवरून मापत बसलो. टलांच्या पोरीला उगाच काढलं शाळेतून. शेवटच्या वर्षाला होती, चार महिने उरले होते."

"कधीची गोष्ट?"

"ब्याण्णव."

"मी पहिलीत होतो तेव्हा." हॅडली हसला. तिचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं. "हे बघा, कुणाला ठाऊकच नव्हतं तर चूक कुणाची? कुणाचीच नाही. हां, कचेरीला कुणी कळवलं असतं आणि तरी तिला काढलं असतं, तर गोष्ट वेगळी. मग मंडळाला दुरुस्ती करणं भाग पडलं असतं. नियमच आहे तसा, मुलीला प्रमाणपत्र द्यावं लागलं असतं. पण तसा कागद कुठाय?"

"तसा नाही," व्हर्ना म्हणाली. "माझ्याकडे आला असता तर मी काय गप्प बसले असते?"

"तेच म्हणतोय मी. आणि एक जुलैला ती रेषाच पुसली जातेय. आता वरातीमागून घोडं कशाला नाचवायचं? आठ पानं, व्हर्नाबाई. फोटो जास्त घाला."

तो गेला. कुणाचीच नाही, हे शब्द व्हर्नाने मनात घोळवून पाहिले, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. चौतीस वर्षांचं एक ओझं खांद्यावरून उतरल्यासारखं वाटलं. त्या बरं वाटण्याचीच मग तिला लाज वाटली. तिने नकाशा पिशवीत घातला.

शुक्रवारी दुपारी ती अक्रोडाचा रोल भाजून क्वारी लेनला गेली. दार रोबर्टा टलने उघडलं. सत्त्याहत्तरची झाली होती रोबर्टा, पण जीभ पंचविशीतली. चर्चच्या मासळी-जेवणांत दोघी चौतीस वर्षं एकाच ओट्याशी उभ्या राहून मासे तळत आल्या होत्या, आणि ‘मीठ दे’ यापलीकडे रोबर्टा तिच्याशी बोललेली नव्हती.

"या बाईसाहेब! फीत आणलीय ना?"

"रोबर्टा, मला आत येऊ दे. सांगायचंय काहीतरी."

"ये की. पण मध्ये थांबू नकोस हां, नाहीतर कुठल्या मंडळात उभी आहेस ते कळायचं नाही."

जेवणाच्या खोलीत अजून पलंग होता. झुंबराखाली, भिंतीला चिकटून. डेनीस आठ वर्षांची असल्यापासून तिथेच झोपत आली होती. कारण ती खोली आमच्यात होती आणि मागच्या खोल्या नव्हत्या. पाहुणे आले की पोर पलंगाखाली वह्या ढकलायची आणि पलंगावर टेबलक्लॉथ पसरायची. एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात तिच्या बापाची, रेची, फुप्फुसं गेली. प्राणवायूचं यंत्र फक्त जेवणाच्या खोलीच्या दारातून आत जाऊ शकत होतं, तेव्हा रेचा पलंग तिथे आला आणि डेनीसचा भिंतीपलीकडे गेला. जेमतेम सहा आठवड्यांपुरता. कुणीतरी कचेरीला फोन केला. व्हर्ना फीत घेऊन आली. रे तोंडावरची नळी धरून बघत होता आणि ती त्याच्या पलंगावरून वाकून मापत होती. उशी अकरा इंच बाहेर भरली. वहीत तिने ‘अकरा इंच’ असंच लिहिलं, बारा नाही आणि दहाही नाही. आपण किती नेमकं लिहिलं याचा तेव्हा तिला अभिमान वाटला होता.

डेनीस वेस्ट डॉबिनच्या शाळेत अकरा दिवस गेली. तिथे तिचे निम्मे विषय नव्हते, आणि वाद्यवृंद तर नव्हताच. डेनीस क्लॅरिनेट वाजवायची, पहिल्या खुर्चीवर, म्हणजे त्या वाद्यात सगळ्यांत सरस. बाराव्या दिवशी ती उठलीच नाही.

"नकाशा सापडलाय," व्हर्ना म्हणाली आणि कागद ओट्यावर पसरला. "सत्तावन्न सालचा. दगड हलवलेला होता, रोबर्टा. तुमचं अख्खं घर पहिल्यापासून आपल्यात होतं. कुणालाच ठाऊक नव्हतं गं. मीही परवाच पाहिलं."

रोबर्टा पिठाचे हात घेऊन तशीच उभी राहिली. मग तिने नकाशाकडे नाही, व्हर्नाकडे पाहिलं.

"सापडला?"

"तळघरात. रस्त्याच्या खोक्यात."

"अगं भवाने, सापडला काय म्हणतेस! मीच दिला होता ना तुला! माझा सासरा होता त्या रस्त्यावर कामाला, त्याच्या पेटीतून काढून आणला. रेला शेजारणीकडे सोपवून बर्फातून चालत आले. तुझ्या हातात दिला. तू वर पाहिलंसुद्धा नाहीस. ठप्प करून शिक्का मारलास, म्हणालीस, ‘पोचलं. पुढचा कोण?’"

"शक्य नाही."

"शक्य नाही म्हणे! आणि पुढच्या मंगळवारी मी मंडळाच्या बैठकीला आले, तर नाव-पत्ता विचारलास. मी पत्ता सांगितला. तू म्हणालीस, हा पत्ता बाहेरचा आहे, बाहेरच्यांना बोलता येत नाही. बसा खाली."

हे मात्र व्हर्नाला आठवत होतं. बैठकीत बोलायचं तर आधी नाव आणि पत्ता, मग तीन मिनिटं. नियम तिने केलेला नव्हता. ती फक्त विचारायची.

"कागद आला असता तर त्यावर शिक्का असता," व्हर्ना हट्टाने म्हणाली. "माझ्या कचेरीत बिनशिक्क्याचा कागद नव्हता. बघ ना, कुठाय शिक्का?"

बाहेर बसचा दरवाजा फुसकन उघडला आणि मिटला. चौदा नंबरची बस रोज दगडापाशी येऊन वळते, कारण मंडळ तिथे संपतं. ती बस डेनीस चालवते, बावीस वर्षं झाली. नोकरी करायला पत्ता आतला लागत नाही. दिवसातून सहा वेळा ती आपल्याच दारातून वळून परत जाते. शुक्रवारी शेवटची फेरी संपली की बस तिथेच लावून दहा मिनिटं घरी येते.

डेनीस किल्ल्या वाजवत आत आली. एक्कावन्न वर्षांची, रुंद खांद्यांची. तिने आईकडे पाहिलं, व्हर्नाकडे पाहिलं, रोलकडे पाहिलं. असा रोल आमच्याकडे मयताच्या घरी नेतात.

"कोण गेलं?"

"कुणी नाही," रोबर्टा म्हणाली. "कोस्टेल्निकबाई इतिहास लिहितायत. आपला कागद सापडलाय त्यांना."

डेनीसने नकाशा उचलला. मुकादमाची ओळ वाचताना तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, जणू पाठच होती. मग तिने कागद पालथा केला. पाठीवर पुठ्ठ्याचा तपकिरी पापुद्रा होता. तिने सिंकमध्ये बोट ओलं केलं, पापुद्र्यावर फिरवलं आणि बसच्या किल्लीने हळूहळू खरवडायला लागली. खालून आधी तांबडं काहीतरी दिसलं. मग ‘पोचलं’. मग ‘१२ फेब्रुवारी १९९२’. मग खाली उजवीकडे झुकलेली दोन अक्षरं, व्ही आणि के.

व्हर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलं ‘के’ तिने कुठेही ओळखलं असतं, त्याचा पाय ती लांब ओढायची.

"मी उघडून पाहिलाच नाही," ती म्हणाली.

"नाही पाहिलास," रोबर्टा म्हणाली.

"डेनीस, तू का नाही गं कधी काही बोललीस? रोज कचेरीत यायचीस तू. किल्ल्या घ्यायला, सही करायला."

"काय बोलायचं होतं?" डेनीसने किल्ली पँटला पुसली. "सुरुवातीला वाटायचं, बोलावं. मग बापू गेला. मग आईचे गुडघे. मग वाटलं, जाऊ दे, बस तर आहे. दर जूनला पोरांना झगे-टोप्या घालून प्रमाणपत्राच्या समारंभाला मैदानावर सोडते आणि मागे बस लावून इंजिन चालू ठेवून बसते. आत कधी गेले नाही. टोप्या उडवल्याचा आरडाओरडा ऐकू आला की गिअर टाकायचा." ती हसली. "घाबरू नका, एकदाही उशीर केलेला नाही."

"इतिहासात उत्तीर्णांची यादी जातेय, तुझं नाव ब्याण्णवच्या यादीत असायला हवं होतं."

"यादी तुम्हीच लिहिताय ना?" डेनीस म्हणाली, आणि तिची दहा मिनिटं संपली होती म्हणून निघाली. व्हर्नाने नकाशा पिशवीत घातला, रोल ओट्यावरच राहिला. व्हर्ना तो परत नेऊ शकेना आणि रोबर्टा तो उचलेना.

शनिवार-रविवार व्हर्ना घराबाहेर पडली नाही. इतिहासाचा मसुदा टेबलावर होता. सातव्या पानावर तिने स्वतःच लिहिलं होतं: ‘एकोणचाळीस वर्षांत या कचेरीतून एकही कागद हरवला नाही.’ ती ओळ खोडावी असं तिला वाटलं. मग लक्षात आलं, की ओळीत खोटं काहीच नाही.

हॅडलीचे शब्द आता तिच्याच गळ्यात अडकले होते. कचेरीला कळवलेलं असेल तर मंडळाला दुरुस्ती करणं भाग. कळवलेलं होतं. त्याचा पुरावा जगात एकच, आणि तो तिच्या स्वयंपाकघरात, पावाच्या डब्याखाली. तो पुढे केला तर डेनीसला प्रमाणपत्र. नाही केला तर व्हर्नाबाई त्याच व्हर्नाबाई, जिच्या नावाने लोक अजून कचेरी ओळखतात. टल मायलेकी ओरडून सांगतील, पण चौतीस वर्षं त्यांचं कुणी ऐकलं होतं? बैठकीत तर त्यांना बोलताही येत नव्हतं. पत्ता बाहेरचा.

रविवारी सकाळी तिने नकाशा डब्याखालून काढून चुलीपाशी नेला आणि बर्नर पेटवला. निळी ज्योत चांगली मोठी होती. थोड्या वेळाने तिने त्यावर कॉफीचं पाणी ठेवलं. हे कुणाला कधी सांगायचं नाही, असं तिने ठरवलं, पण पुढे रोबर्टाला सांगितलंच. म्हणून तर आम्हाला ठाऊक.

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता मंडळाची शेवटची बैठक होती, हायस्कूलच्या ग्रंथालयात. छोट्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मागच्या रांगेत रोबर्टा मांडीवर पर्स धरून आणि तिच्या शेजारी डेनीस, बसचं जाकीट अंगात तसंच. व्हर्नाने त्यांना या म्हटलं नव्हतं. पण त्या आल्या होत्या.

व्हर्ना जुन्या सवयीने इतिवृत्ताच्या टेबलाकडे वळली. तिथे आता ब्रिआना नावाची नवी मुलगी बसलेली होती, नोकरीला दोन महिने झालेली. व्हर्ना तिथून पुढे माइकपाशी गेली. अध्यक्ष ऑस्ट्रँडर तिला बघून खुलला.

"आल्या आपल्या इतिहासकार! बोला व्हर्नाबाई, आठ पानं झाली?"

"होतील. त्याआधी एक कागद दाखवायचाय." तिने नकाशा त्याच्यापुढे पालथा ठेवला.

"उलटा ठेवलात."

"असाच बघा आधी. मग सुलट करा."

ऑस्ट्रँडरने चष्मा कपाळावरून खाली घेतला. पाठ वाचली, पुढची बाजू वाचली, पुन्हा पाठ वाचली. शेजारून हॅडली वाकला. त्याचा चेहरा उतरत गेला.

"हा दगडाबद्दलचा कागद," ऑस्ट्रँडर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कचेरीत पोचलाय. बारा फेब्रुवारी ब्याण्णव. म्हणजे त्या टलांच्या मुलीला काढलं तेव्हा कचेरीला ठाऊक होतं?"

"कचेरीला पोचलेला होता," व्हर्ना म्हणाली. "कुणी उघडला नाही."

"कमाल झाली! कुणी नाही म्हणजे? कुणीतरी घेतलाच असेल ना हातात. ही खाली अक्षरं आहेत, व्ही. के." ऑस्ट्रँडर आमच्याकडे येऊन पाचच वर्षं झाली होती. "हे व्ही. के. कोण?"

ग्रंथालयातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. कुणी पायाकडे पाहिलं, कुणी घड्याळाकडे. मागच्या रांगेत रोबर्टाच्या पर्सची कडी उघडली आणि मिटली.

"मी सांगते," व्हर्ना म्हणाली.

"थांबा, थांबा, सॉरी हां!" ब्रिआनाने घाईघाईने हात वर केला, पेन सरसावलं. बिचारीला हेच शिकवलेलं होतं, आणि शिकवणारी ते व्हर्नाकडून शिकलेली होती. "नोंदीसाठी आधी नाव आणि पत्ता लागतो."

व्हर्नाने माइक जवळ ओढला.

"व्हर्ना कोस्टेल्निक."

ब्रिआनाने ‘व्हर्ना’ लिहिलं. ‘कोस्टेल्निक’ लिहिलं. मग तिचं पेन थांबलं आणि तिने वर पाहिलं.

"बावीस, मेपल कोर्ट," व्हर्ना म्हणाली. "लिही बाळ, थांबू नकोस. आतलाच पत्ता आहे."